नीतीचा रकाना

लष्करात, जिवाजीगंजच्या बोळात
झेरॉक्सच्या दुकानावरची खोली.
जानेवारीचं धुकं असं
की समोरच्या गच्चीवरची टाकी दिसत नाही.
मध्ये शेगडी, गजकचा डबा,
आणि सतरंजीवर पाठकोऱ्या कागदांचं
पेन्सिलीनं काढलेलं एक राज्य.

हेमांगी सबनीस एजी ऑफिसात ऑडिटला आहे.
आठवडाभर लोकांच्या खर्चावर आक्षेप काढते,
शनिवारी रात्री आमचं जग चालवते.
दरीतले राक्षस तिचे, वादळं तिची,
सरायेतल्या वरणाचं मीठसुद्धा तिच्या हातात.
आम्ही फक्त आमचे.

मी केसरध्वज.
दिवसा मेडिकलवर बसतो, पण ते तिथे धरत नाहीत.
उंची सहा फूट, तलवार वडिलोपार्जित.
नीतीच्या रकान्यात पहिल्याच दिवशी लिहिलं:
सज्जन.
विचार करायला दोन सेकंद लागले असतील.

तिसऱ्या शनिवारी एक नाकेदार भेटला.
कंदील खाली ठेवून
दोन्ही हात वर केलेला.
सोडला तर वर्दी देईल, मी म्हटलं,
आणि घाईही होती,
साडेदहाला तौसीफच्या आईचा फोन येतो.
फासा टाकला. वीस पैलूंचा, निळा, एक कोपरा उडालेला.
एकोणीस.
टाळी दिली एकमेकांना.
यदुनाथनं त्याच्या अकरा मोहरा मोजल्या,
कंदील शर्वरीनं घेतला.
तौसीफ तेवढा म्हणाला,
'अरे यार, हात वर होते त्याचे,'
आणि गजक मोडली.

नंतर आम्ही पुष्कळ चांगलं केलं.
दोन गावं सोडवली, एक विहीर.
एका राणीनं बसायला गालिचा दिला.

चौदावा शनिवार. घाटाखालची सराय.
नऊ-दहा वर्षांची पोरगी पाणी घेऊन येते,
शर्वरीच्या कमरेकडे बघत राहते.
राक्षसांसाठी हेमांगी आवाज बदलते.
हिच्यासाठी बदलला नाही.
'ती विचारते, कंदिलाची काच डावीकडे तडकली आहे का?
बाबांनी तिथे मेण लावलं होतं.'

खाली कुणीतरी शटर ओढलं.

मी म्हटलं, खेळ आहे हा.
म्हटलं, तिसऱ्या शनिवारचं आता कुणाच्या लक्षात आहे.
तिनं लाल समासाचं रजिस्टर उघडलं.
तारीख. नाकेदार, नाव सोनबा
(आम्ही विचारलंच नव्हतं),
घरी एक मुलगी. हात वर.
पुढे 'निपटारा'. तो रकाना कोरा.

'एकोणीस पडले होते,' मी म्हटलं.
'फासा एवढंच सांगतो, वार लागला की नाही.
करायचा का, ते तू त्याला विचारलंच नाहीस.'

थाप मार, यदुनाथ कुजबुजला,
तुझं वक्तृत्व अठरा आहे.
खरंच आहे.
फासा उचललाही मी, शेगडीजवळ राहून कोमट झालेला.
कंदील बाजारात घेतला,
बाबा परगावी गेलेत, येतील दिवाळीला,
काहीही पटलं असतं तिला.
नियमात बसतं.

तेवढ्यात फोन वाजला. साडेदहा.
तौसीफ बूट शोधायला लागला,
हेमांगीनं राज्याची गुंडाळी केली.

सोमवार, मंगळवार
ती पोरगी तांब्या धरून तिथेच उभी.
बुधवारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा
खोडरबर घेऊन तो शब्द खोडला.
दुसरा सुचेना. कागद तिथे पातळ झालाय,
उजेडात धरला तर मागचं शस्त्रांचं कोष्टक दिसतं.

शुक्रवारी दौलतगंजात
एका भांड्यांच्या दुकानात विचारलं,
कंदिलाची काच मिळेल?
म्हातारा माळ्यावर चढायला निघाला, थांबला.
'कौन से नंबर की?'

मला नंबर माहीत नव्हता.