तोलकाटा

कावालाच्या धक्क्यामागे, चढावर,
तीन मजली तंबाखूची वखार. चाळीस वर्षं कुलूप.
आता तिथे डायलिसिसची सोळा यंत्रं बसायची होती
आणि मला गिलावा करायचा होता.

मी डोंगरापलीकडचा. एक्क्याण्णव साली चालत आलो.
खिशात फक्त थापी होती, असं मी सांगतो.
खरं तर तीही उसनी.

स्टेरिओस इंजिनिअरनं पहिल्याच दिवशी
तुळयांना कान लावला, बोटांनी ठोकलं,
डॉक्टर पोट ठोकतो तसं.
मग जुन्या खतावण्या मागवल्या:
एका खणात किती गाठी, एका गाठीत किती ओका.
आकडेमोड करून म्हणाला,
यंत्रं, खुर्च्या, पाण्याची टाकी,
वर सोळा माणसं धरली तरी
तंबाखूच्या निम्म्यानं भरत नाही.
माणूस हलका माल आहे.

खात्याच्या बाईनं पात्यानं भिंत खरवडून
रंगाचे सात थर मोजले आणि म्हणाली, चौथा.
चौथा म्हणजे पिकल्या जर्दाळूसारखा.
तो साधेपर्यंत
मी अकरा बादल्या चुना वाया घालवला.

वास मात्र कुणाच्याच नकाशात नव्हता.
जुना गिलावा पाडला, विटा घासल्या, सोड्यानं धुतल्या,
नवा चुना चढवला. तीन दिवस नुसता चुन्याचा वास.
चौथ्या दिवशी समुद्राकडून दमट वारा सुटला
आणि भिंत पुन्हा तंबाखू बोलू लागली.
स्टेरिओस म्हणाला, पेशंट तक्रार करतील.
मला सिगारेट सोडून सहा वर्षं झाली होती.
त्या संध्याकाळी मी त्याच्याकडे एक मागितली.

तळमजल्यावर जुना लोखंडी काटा,
जमिनीत रुतलेला, बसल्या बैलाएवढा.
तो हलवायचा नाही, असं खात्याचं पत्र.
त्याच्या शेजारीच नवा ठेवला, काचेचा, चपटा:
इथे माणसाला येताना तोलतात, जाताना तोलतात,
अंगात साठलेलं पाणी किती उपसलं ते कळायला.

पहिल्या दिवशी पहिली आली एवांथिया कारात्झोग्लू.
वय त्र्याऐंशी, पाय सुजलेले, हातात कापडी पिशवी.
मी दाराची चौकट शेवटची पुसत होतो.
पंधराव्या वर्षी ती वरच्या मजल्यावर पानं निवडायची,
मांडी घालून, तिसऱ्या खिडकीखाली.
सुटल्यावर झडती, मोज्यांपर्यंत.
बाप खेड्यातून खेचरावर गाठी आणायचा
आणि या काट्याच्या दांडीवर
दलालाच्या कारकुनाची करंगळी टेकलेली असायची.
करंगळी, ती म्हणाली. अंगठा काय, कुणीही पकडेल.

नर्स मेल्पोनं नव्या काट्याकडे हात केला.
बाई चढेना.
पिशवीतून तिनं पिठाचं पुडकं काढलं,
सीलबंद, एक किलो, येताना वाटेत घेतलेलं,
आणि ठेवलं काचेवर.
नऊशे ऐंशी.

मेल्पो हसली. पुडक्यातच कमी भरलं असेल हो.
एवांथिया म्हणाली,
इथल्या काट्यानं कधी दुसरं काही सांगितलंय?
कमी भरतो तो नेहमी मालच.

तरी चढली. चपला काढून, मेल्पोचा दंड धरून.
वर उभी राहिल्यावर मान वळवून मला म्हणाली,
तू. मागे का उभा आहेस?
हात दिसू देत.

मी दोन्ही हात वर केले.
नखांत अजून चुना होता, जर्दाळूचा.
त्रेसष्ट पूर्णांक चार, मेल्पोनं वाचलं.
बाईनं पुन्हा एकदा वाचायला लावलं, मोठ्यानं.

तिसऱ्या खिडकीखालची खुर्ची
आम्ही तिच्यासाठी राखून ठेवली होती,
वर फुलंसुद्धा.
ती गेली पाचवीपाशी आणि बाही वर केली.
तिसरीत ऊन थेट डोळ्यांवर येतं, म्हणाली.
तेव्हाही यायचं.