उसवण

दर रविवारी तिच्या गणवेशाची डावी बाही
मी पुन्हा दुमडून शिवते.
शुक्रवारपर्यंत ती उसवलेली असते,
कडेचे धागे दातांनी, नखांनी
एकेक करून ओढलेले.

पहिल्यांदा ओरडले. कापड काय झाडाला लागतं?
दुसऱ्यांदा म्हटलं, दहावीत सगळेच असतात,
खालच्या साटमांचा मुलगा बघ.
तिसऱ्यांदा बोलले नाही, नुसता डबा उघडला.
पोळी तशीच. भेंडीसुद्धा, तिच्या आवडीची.

कन्नमवार नगरात बावीस वर्षं फॉल-पिको करतेय,
मशीनच्या आवाजावरून सांगते धागा कुठे तुटणार.
ताणाचा स्क्रू फार आवळला की तुटतो,
अगदीच सैल सोडला तर खाली गुंता.
आणि घरात, चार हातांवर,
पुस्तकापुढे बसलेली पोर
तासभर पान उलटत नव्हती,
ते मला ऐकू आलं नाही.

काल रात्री सव्वाअकरा.
म्हटलं, स्वरांगी, झोप येत नसेल तर हे घे,
पाटणकरबाईंचा ब्लाउज, माप चुकलंय माझं,
उसव.
चुकलं? तुझं?
अगं, महिन्यातून दोनदा तरी.

मग ती उसवत बसली.
मान खाली, कात्रीचं टोक टाक्याखाली,
आणि चौथ्या-पाचव्या टाक्याला बोलायला लागली,
माझ्याकडे नाही, अस्तराकडे बघून.
पेपर हातात आला की डोक्यात कुकर चढतो,
शिट्टी होतच नाही.
येतं तेसुद्धा जातं.
आणि आई, चाचणीत भूमितीत अकरा मिळाले,
तुझी सही मीच केली.

पाय पायट्यावर होता. दाबला नाही.
ओठांवर आलेलं ‘बाबांना काय सांगू आता’
टाचणीसारखं ओठांतच धरून ठेवलं.
विचारलं, सही जमली का?
ती हसली. मग रडली, बराच वेळ,
पहाटे पाण्याचा पंप सुरू होईपर्यंत.

शाळेत बुधवारी समुपदेशक बाई येतात,
येशील माझ्याबरोबर? तिनंच विचारलं.
मशीन बंद ठेवीन म्हटलं.

आज रविवार. बाही शिवली.
आणि कुर्त्याच्या खिशात, आतून,
मलमलची एक चिंधी जोडली,
तिची कड मुद्दाम दुमडली नाही.
उद्या प्रिलिम, पहिलाच पेपर भूमिती.
ओढ बाई, लागतील तेवढे धागे ओढ.
माझ्याकडे चिंध्या पोत्याने आहेत.