हरावलेला जाळा

बाबल तारी म्हणाले, डोळ्यांवर जाळं आलंय.
सगळा जन्म जाळ्यांत गेलेला माणूस,
म्हणून मला हसू आलं,
आणि मग त्यांचं कपाळ मी यंत्राच्या पट्टीला टेकवलं.

तारामुंबरीची शाळा. तिसरीचा वर्ग.
फळ्यावर कालचेच पाढे, खिडक्यांना काळे कागद,
तरी कुठल्याशा फटीतून
सुकत घातलेल्या पेडव्यांचा वास.
साखर तीनशे बारा.
"च्या तेवढो गोड पितंय," ते म्हणाले,
"बाकी काय्येक नाय."

थेंब घातले. वीस मिनिटांनी
बाहुली खाडीच्या मुखासारखी उघडली.
आत नारिंगी समुद्र.
त्यात लाल ठिपके, फुटलेल्या शिरांचे,
कडेला पिवळट काहीतरी, ओहोटीनंतर
रेतीवर राहतो तसा फेस,
आणि एके जागी कापसाचा पुंजका:
तिथे रक्त पोचायचं थांबलेलं.

हे मी त्यांना कसं सांगणार होते?
की रक्तात पांढऱ्या पेशी असतात,
वाडीच्या राखणदारासारख्या,
रात्री वेशीवरून काठी आपटत फिरणाऱ्या.
जंतू आला की त्यांच्यातली एखादी
स्वतःलाच फाडते,
पोटातला सगळा धागा, जन्माचा धागा,
बाहेर फेकते
आणि त्यात जंतूला गुंतवून मरते.

पण साखर वर्षानुवर्षं मुरली
की राखणदाराला भास होतात.
कोणी नसताना हाक ऐकू येते.
केसाहून बारीक शिरेच्या भिंतीला तो चिकटतो
आणि फेकतो जाळं
रिकाम्या पाण्यात.
मागून दुसरा. मागून तिसरा.
भिंत सोलवटते, पाझरते.
पडद्यातल्या झाडूवाल्या पेशी, एरवी
मेलेलं गुपचूप उचलून नेणाऱ्या,
त्याही फुगतात, ओरडतात, गर्दी बोलावतात.
पुस्तकात याला दाह म्हटलंय.
दुखत मात्र काहीच नाही. तीच तर पंचाईत.

मी एवढंच म्हटलं, "तात्या, आतलीच माणसं
जाळी टाकतायत. मासा नसताना."

"म्हंजे हरावलेला जाळा," ते म्हणाले,
हनुवटी अजून यंत्रावर.
एका तुफानात कुणकेश्वरासमोर
त्यांचं जाळं तुटून गेलं होतं, बोयांसकट.
"दोन वर्सांनी दुसऱ्याच्या होडयेक घावला.
आत हाडाच हाडा. आणि एक कर्ली, जिती.
धनी नाय, होडी नाय, तरी मारीतच होता.
जाळ्याक कोणी सांगूकच नाय, आता पुरे म्हणान."

जाळ्याक कोणी सांगूकच नाय.
हे मला तपासणीच्या कागदावर लिहायचं होतं.
तिथे रकाने तीनच: उजवा, डावा, शेरा.
शेऱ्यात लिहिलं: ओरोसला पाठवणे. लेसर.

इलाज आहे तो असा,
उजेडाचे चटके देऊन पडद्याचा काही भाग
आपणच जाळायचा,
मधला वाचावा म्हणून.
"रातचा कमी दिसतला?"
थोडं.
गेलेलं परत येणार नाही, हे सांगितलं.
असलेलं राहील, बहुतेक, हेही सांगितलं.
बहुतेक म्हणजे किती, असं त्यांनी दोनदा विचारलं.

बाहेर पडले तेव्हा बाहुल्या सताड उघड्या,
ऊन सोसेना. डोळ्यांवर पंचा ओढून
ते पायरीवर बसले,
सुनेच्या पिशवीतून बांबूची सुई काढली
आणि न बघता, नुसत्या अंगठ्याने
आस मोजत एक फाटलेला कोपरा विणू लागले.
गाठ चुकली नाही. मी बघत होते.

मग शाळेच्या बाईंनी सगळ्यांना चहा पाठवला.
त्यांनी कप हातात घेतला,
बराच वेळ तसाच धरला.
"बिनसाकरेचो आसा काय गो?"

नव्हता.
आत पुढचं माणूस थेंबांसाठी
मान मागे टाकून कधीचं बसलं होतं.