सहावी

एप्रिलची रात्र, चंद्र नसलेली.
वायहोरा तळ्याच्या गोट्यांच्या बांधावर
होहेपा टॉर्च विझवतो.
"उजेड दिसला तर फिरतात माघारी."
मला गप्प राहायला सांगतो. मी बोलतही नसते.

पलीकडे समुद्र आपटतोय.
अलीकडे वामी गोट्यांत डोकं खुपसतायत,
वीस-वीस वर्षं चिखलात काढलेल्या माद्या.
होहेपा त्यांना तुना म्हणतो.
मी सहा घेतल्या. उरलेल्या त्याने
ओल्या गोणपाटात उचलून पलीकडे सोडल्या,
दर खेपेला काहीतरी पुटपुटत,
ते मी विचारलं नाही.

ड्युनेडिन. बर्फ. सकाळ.
डोळे मोठे झालेले, पर काळे, पोट चांदीचं.
जठर आक्रसलेलं, वाळत घातलेल्या मोज्यासारखं.
ही आता पुन्हा जेवायची नाही.
रक्तात अकरा-कीटो-टेस्टोस्टेरॉन,
आम्ही नराचं म्हणून शिकलेलं,
आणि आकडा नराच्या तोडीचा.
मशीन बिघडलं असेल म्हणून परत लावलं.
तोच.

भिंगाखाली अंडपेशी:
आत तेलाचे थेंब,
रस्सा निवल्यावर वर तवंग धरतो तसे.
दोन बशा भरून ठेवल्या.
एकीत ते द्रव्य घातलं, एकीत नाही.
अठरा दिवसांनी पहिलीतल्या फुगलेल्या,
दुसरीतल्या होत्या तशाच.

म्हणजे ज्याला पुरुषी म्हणतो
त्यानेच बांधली हिची शिदोरी.
बलक नंतरचा. तो यकृतातून येतो,
इस्ट्रोजेनने हाक मारली की.
पण ती हाक तळ्यात पुरती उठत नाही.
मेंदूच दार लावून बसतो,
थांब म्हणतो, अजून गोडं पाणी आहे.
उत्तरेला कुठेतरी, खोलात,
ते दार उघडत असावं.
कुणी पाहिलेलं नाही.

मी एकावन्नची.
गेल्या वर्षापासून हनुवटीवर एक राठ केस येतो.
उपटते, परत येतो.
डॉक्टरीण म्हणाली, इसोबेल, ओहोटी लागली
की खडक दिसतात, खडक होतेच तिथे.
मी घरी जाऊन चिमटा शोधला.

पाच झाल्या.
सहावी टाकीत, रात्रभर
नाक काचेला लावून, एकाच बाजूला.
बुधवारी तिची पाळी होती.
मंगळवारी मी बादली घेतली, झाकण बांधलं,
आणि चार तास गाडी चालवली.
वहीत सहाव्या ओळीपुढे रेघ आहे.
कारणाचा रकाना कोरा.

होहेपाने विचारलं नाही का आणलीस.
एवढंच विचारलं, काय सापडलं?
तेल, मी म्हणाले. अंड्यांत. आधी तेल.
तो हसला. "या महिन्यातल्याच सगळ्यात चरबीदार.
माझ्या आजीला विचारायचंस."
आणि बादली तिरकी केली.

ती गोट्यांवरून गेली, पोटावर,
एकदा थांबली,
मग आवाज पाण्याचाच राहिला.