कारण : इतर

शाळाबाह्य मुलांच्या फॉर्मात कारणांना चार चौकटी आहेत.
स्थलांतर. आजारपण. घरकाम.
आणि शेवटी, नखाएवढी, इतर.

इरुपगुड्यात तीन दिवस तो फॉर्म घेऊन हिंडलो.
मोहाची फुलं वाळत घातलेल्या अंगणात
लोक खाट टाकायचे, पाणी द्यायचे,
पोरांची नावं विचारली की
नाल्यापलीकडं बघत बसायचे.

कुमली पुंगाटी, वय अकरा.
बापाला रात्री उठवून नेलं.
सकाळी रस्त्यावर सापडला, छातीवर दगड,
दगडाखाली कागद.
घरात कुणालाच वाचता येईना.
दुपारी पोलीस आले, त्यांनी वाचून दाखवला
आणि पंचनाम्यात घेऊन गेले.
पोरगी म्हणाली, गुरुजी, आकार आठवते मला.
काडीनं धुळीत काढून दाखवला पहिला :
ख.
त्याच्या शेपटीला वर वळवलेला एक आकडा,
मासा धरायच्या गळासारखा.
पुढची अक्षरं मी विचारली नाहीत.
मला ती माहीत होती.

डोलू वड्डे, वय नऊ. ऐकू येत नाही.
शाळेत बसवून काय फायदा, असं आधीच्या मास्तरांनी लिहून ठेवलेलं.
गोळीबाराच्या रात्री गाव जमिनीला चिकटलं
तेव्हा हा एकटा उभा होता,
मडक्यातलं पाणी का थरथरतं ते बघत.

लालसू मिच्चा, वय सतरा.
दोन पावसाळे जंगलात होता. मग परत आला.
कुठून, कसा, ते त्याची आईही विचारत नाही.
पाचवीत बसू द्याल का, एवढंच बोलला,
तेही दाराबाहेरून, चपला हातात घेऊन.

तिघांपुढं एकच खूण केली मी.
चौकट लहान पडली. पेन बाहेर गेलं.

शाळा म्हणजे दोन खोल्या.
मधली दोन वर्षं तिथं कॅम्प होता.
कॅम्प टेकडीवर गेला, वाळूच्या गोण्या इथंच राहिल्या,
खिडकीपर्यंत रचलेल्या.
आम्ही त्या फोडल्या.
सगळ्या वर्गात वाळू पसरली, घोट्याएवढी.
एवढी मोठी पाटी जिल्ह्यात कुणाकडं नसेल.

प पाण्याचा, म्हटलं मी.
हिल्ले, म्हणाली पोरं. येर.
मग आमच्याकडं पाणी य नं सुरू होतं, असं ठरलं.
साहेब आले तपासणीला तर काय सांगायचं
ते अजून ठरलं नाही.

डोलूनं आम्हाला बोटं दिली.
पाऊस कसा म्हणायचा, भूक कशी,
गप्प बसा कसं.
ते शेवटचं सगळ्यांना आधीपासूनच येत होतं.

लालसूच्या शेजारी कुणी बसत नव्हतं.
गुडघे छातीशी घेऊन तो कोपऱ्यात,
जिथं भिंतीला बंदुकीसाठी पाडलेलं भोक आहे,
त्यातून त्याच्या मानेवर ऊन पडायचं.

मंगळवारी ख घेतला.
ख खडूचा, म्हटलं, ख खारीचा.
खार म्हटल्यावर पोरं हसली, दोघं छपराकडं बघायला लागली.
लालसूला लिहिणं येतं, हे तेव्हाच कळलं मला.
त्यानं न बघता, एका दमात, वळणदार अक्षर काढलं.
शेपटीला वर वळवलेला आकडा.

जंगलात अक्षर शिकवणारा एकच असेल.
त्याच्या हाताखाली दहा पोरं शिकली असतील.
असं मी स्वतःला सांगितलं, खडू हातात धरून.

कुमली उठली. वाळूतून चालत गेली कोपऱ्यापर्यंत.
ते अक्षर तिनं बघितलं.
मग लालसूकडं बघितलं.
तो वर बघत नव्हता.
वर्गात कुणीतरी खोकत होतं.

ती तिथंच बसली. हातभर अंतरावर.
काडी घेऊन त्याच्या ख शेजारी आपला ख काढला,
तसाच, आकड्यासकट.

डोलूला यातलं काही ऐकू आलेलं नव्हतं,
ऐकण्यासारखं कुणी काही बोललंही नव्हतं.
नेहमीसारखा तो आला,
तळहातानं दोन्ही अक्षरं सपाट केली
आणि माझ्या ओठांकडं बघत उभा राहिला.

पुढचं अक्षर ग.
गळ्यात आलं होतं.