जादा वल्हं

ज्या काट्यावर मी तीस वर्षं
पावाचं पीठ तोललं
त्यावर आता तानिस एकेक वस्तू ठेवते आहे.
शिट्टी : बारा ग्रॅम.
दोर, पंधरा मीटर : ओला झाल्यावर किती,
ते काटा सांगत नाही.
टूथब्रशाची दांडी तिनं करवतीनं कापली
आणि उरलेला तुकडा मला दाखवला,
मोठा मासा गावल्यासारखा.

व्हाइटहॉर्स ते डॉसन, सातशे किलोमीटरच्या वर.
जूनअखेरीला इथे रात्र अशी होतच नाही,
उजेडावर थोडा वेळ साय धरते, एवढंच.
टॉर्च कशाला, मी म्हणते.
तुझा चष्मा पडला तर, ती म्हणते.
टॉर्च : एकोणनव्वद.

बोट ठरलेलीच आहे. पिवळी, फायबरची,
उजव्या कुशीला ठिगळ.
तिघांनी पैसे घालून घेतलेली.
तिसरा आता केलोनाला असतो.
भांडी, कुत्रा, ट्रक
यांची वाटणी वकिलानं केली;
बोटीत बसायच्या जागा दोनच,
ती आमच्याकडे राहिली.

सून होती तेव्हा मला मॅडम म्हणायची.
आता ओडेट म्हणते,
आणि माझ्या गोळ्यांच्या वेळा तिला पाठ आहेत.

पुढे मी बसणार. मी हलकी,
आणि माझे हात शिवणयंत्रासारखे चालतात,
वेगानं नाही, पण टाका चुकत नाही.
मागे ती, सुकाणूच्या पेडलांवर पाय.
म्हणजे तिला सातशे किलोमीटर माझी पाठ
आणि मला ती नुसती ऐकू येणार :
वल्ह्यावरून ओघळणारं पाणी, नाक ओढणं,
लाबार्ज तलावात लाट आडवी आली
की तिच्या आजोळची एक शिवी.

बुडाखालचा फोम किती जाड घ्यावा
यात आमचा अख्खा मंगळवार गेला.
जाड घ्यावा तर बोट डुचमळते.
पातळ घ्यावा तर कारमॅक्स येईस्तोवर
मांड्या आपल्या राहत नाहीत.
शेवटी पातळ ठरला.
बुधवारी बघते तर माझ्या जागी दोन थर चिकटवलेले.
मी काही बोलले नाही, तीही नाही.

वल्ही कार्बनची. हाताला पीस, खिशाला धोंडा.
राहिलं जादा वल्हं, एक. ते न्यावंच लागतं.
दुकानात भाड्यानं मिळतं, सातशे ग्रॅमचं.
मी फोन उचलला होता
तेवढ्यात ती गॅरेजमधून लुकचं घेऊन आली :
लाकडी, वॉर्निश उडालेलं,
मुठीपाशी तापल्या खिळ्यानं कोरलेला एल,
तेव्हा तो चौदाचा असेल,
घरभर जळक्या लाकडाचा वास.

काट्यावर ते मावेना.
तिनं मधोमध तोलून धरलं, मग अलगद बोटं काढली.
अकराशे चाळीस.

मी काट्याकडे बघितलं. काटा बरोबर आहे.
पातं लहान आहे, ती म्हणाली,
दुसऱ्या दिवशी खांदे गेले
की मोठं पातं ओढवत नाही.
हे पाणी कमी धरतं.
पण धरतं.

कारण खरं होतं.
चाळीस वर्षं वल्हवलेली कुणीही बाई
हेच सांगेल. मीही सांगितलं असतं.
मी फोन खाली ठेवला.

चारशे चाळीस ग्रॅम कुठून तरी जायला हवेत.
माझा थर्मास गेला.
तिची जादा लोकरी टोपी, हरणाच्या सुक्या मांसाची एक पुडी,
माझ्या मुरंब्याची बाटली
(ती तिनं दोनदा काढली, मी दोनदा ठेवली,
शेवटी काचेतून प्लास्टिकात भरली).
यादीत तिनं लिहिलं : जादा वल्हं, एक.
नाव लिहायला रकाना नव्हता.

मग बांधायचं कुठे, हा प्रश्न.
माझ्या मागे, तिच्या पुढे,
डेकवर, इलॅस्टिकच्या दोरीखाली.
बोट अंगणात ठेवून आम्ही दोघी बसून बघितलं :
तिचा हात सहज पोचतो.
माझा, मागं वळले तर.