समासातला प्रश्न

हामरफेस्टला नोव्हेंबरात दुपारी दोनलाच अंधार.
मी लिहिलं : कथेतली आई दुःखी आहे.
बेरितबाईंनी समासात लिहिलं : कुठे?

मी लिहिलं : वर्णन फार सुंदर आहे.
कुठे?
चार पानांत सात वेळा, हिरव्या पेन्सिलीने.
आस्लाक म्हणाला, बाईंना दुसरा शब्दच येत नाही.

मग चिडून, निव्वळ चिडून,
मी कथेतल्या वस्तू मोजायला बसले.
माणसं दोन. कप तीन.
तिसरा रोज विसळला जातो,
त्यातून कुणी पीत नाही.
एवढंच लिहिलं.
या वेळी समास कोरा आला.
मी त्या कोरेपणाकडेच बघत राहिले.

रात्री ट्रॉलरवरून बाबांचा निरोप :
हवा ठीक. जेवण ठीक. मीही ठीक.
दारातल्या पायरीवर मीठ टाका,
मंगळवारी गोठणार म्हणतात.

बरे आहेत म्हणायचे, आई म्हणाली
आणि फोन पालथा ठेवला.

मी ‘ठीक’ मोजले. तीन.
मग पायरीपाशी अडले :
भर समुद्रात, कुठल्या लाटेवर कोण जाणे,
हा माणूस आपल्या दारातला मंगळवार बघतोय.

फोन उलटा केला.
आई, म्हटलं, हे बघ.
इथे.